केर लातिरला येणाऱ्यांसाठी माहिती

केर लातिर, उत्तर किनारा
११ जानेवारी १९९९

कराफा,

आधी घरच्यांची खुशाली विचारायची, मग भुईमुगाची, मग गुरांची, आणि सगळ्यात शेवटी कामाचं बोलायचं, ही आपली रीत. आज मी ती पाळत नाही.

तुझं पाकीट शुक्रवारी मिळालं. गाम्बियावरच्या तुझ्या प्रवासी पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघते आहे, आपल्या भागाची चार पानं टाइप करून पाठवली आहेस, आणि प्रत्येक प्रकरण तिथल्या शिकलेल्या रहिवाशाने तपासून सही केल्याशिवाय प्रकाशक यापुढे छापणार नाही, हे सगळं समजलं. गावात सही करण्याजोगी मी एकटीच आहे, हेही तू बरोबर लिहिलंस. तुला अक्षरं मीच शिकवली, म्हणजे चुका दुरुस्त करण्याची सवय मला आहे.

तुझ्या पत्रात अकरा ओळी आहेत. नववी ओळ: 'झालं ते फार वाईट झालं.' जेगानचं नाव कुठेच नाही.

आता पानं.

पान पहिलं. राजधानीहून नदीपलीकडे बारा बंदराला येणारी फेरीबोट 'दर तासाला' सुटते असं तू लिहिलंयस. ती भरली की सुटते. ब्रिस्टलमध्ये बसून तू हेसुद्धा विसरलास. बाराहून केर लातिरपर्यंत माणसं कोंबून नेणाऱ्या गेले-गेले गाडीने दीड तास, हे कोरड्या दिवसांत ठीक आहे. पावसाळ्यात तीन तास लागतात, किंवा मग दुसरा दिवस उजाडतो. तसं लिही. पाहुण्यांना खोटी आशा दाखवू नये.

पान दुसरं. जानेवारीत 'हवा आल्हाददायक असते'. आज वाळवंटाची धूळ इतकी आहे की मुलांच्या पाट्या पुसल्या तरी पांढऱ्याच राहतात. ओठ फुटतात, दम्याचा माणूस रात्रभर बसून काढतो. तसं लिही. मलेरियाच्या गोळ्यांचं बरोबर आहे.

त्याच पानावर: 'डावा हात कधीही पुढे करू नये, तो अपमान समजतात.' हे अर्धंच खरं आहे. लांब जाणाऱ्याला आपण मुद्दाम डावा हात देतो, म्हणजे चूक सुधारायला त्याला परत यावंच लागतं. तू गेलास त्या दिवशी धक्क्यावर जेगानने तुला डावा हात दिला होता. मी शेजारी उभी होते.

तिसरं पान अजून वाचलेलं नाही. रोज्यांमुळे शाळा दुपारी बारा वाजताच सुटते, पण पेपर तपासायचे राहिले आहेत.

तेनिंग जूफ
मुख्याध्यापिका


२४ जानेवारी १९९९

कराफा,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तिसरं पान मी सगळ्यात आधी वाचलं होतं.

'नोव्हेंबर १९९७ मध्ये येथे स्थानिक नावाड्याच्या बेफिकिरीमुळे होडी उलटून त्याचा मृत्यू झाला. पर्यटकांनी नावाडी निवडताना सावध राहावे.'

चौथीच्या मुलांना मी शिकवते की वाक्य कितीही लांब असलं तरी आधी कर्ता शोधा. या वाक्यात तो मला सापडत नाही. तू तिथे नव्हतास, म्हणून काय घडलं ते सांगते.

सतरा तारीख, सोमवार. मधल्या सुट्टीत मी जेगानचं जेवण घेऊन धक्क्यावर गेले होते. एक गोरं जोडपं आलेलं, पन्नाशीचं, बाईच्या हातात तुझं पुस्तक. त्यांना खाडीच्या मुखापलीकडे पक्ष्यांच्या बेटावर जायचं होतं.

जेगान म्हणाला, "आज नाही. ओहोटी लागलीय आणि वारा समुद्राकडून आहे. मुखावर पाणी उभं राहतं. उद्या सकाळी या, चहा पाजतो आणि मग नेतो."

नवरा परत फिरला होता. बाई म्हणाली, थांब, इथे काहीतरी दिलंय. तिने ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं: 'केर लातिरला जेगानला विचारा. तो नाही म्हणाला तर एवढंच सांगा, तुझा मालक कराफा म्हणतो, गुलामा, होडी काढ. तो हसेल आणि नेईल.' तू जोला, पण 'गुलामा' हा शब्द आमच्या सेरेर भाषेत दिला होतास. तिने तो वाकडातिकडा उच्चारला, पण उच्चारला.

जेगान इतका हसला की भाताचा घास हातातून सांडला.

"ऐकलंस अक्का? त्या ताडीचोर जोलाने आता गोऱ्यांच्या तोंडून हुकूम पाठवलाय!"

"जेगान, ओहोटी आहे," मी म्हटलं.

"मला दिसत नाही का? पण त्याने मागितलंय. नाही म्हटलं तर तिकडे सांगत फिरेल की सेरेर पाण्याला भ्याला." मग त्या दोघांना म्हणाला, "चला, बसा. पण त्या चोराला पत्र लिहून कळवा, मालक मी आहे, गुलाम तो."

मी आणखी एकदा नको म्हणू शकले असते. घंटेची वेळ झाली होती. मी डबा उचलला आणि शाळेत गेले. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला सांगते, कारण यातला अर्धा भार तुझा आहे.

मुखावर नाव उलटली. दोघांना त्याने एकेक करून वाळूच्या दांड्यावर नेऊन ठेवलं. तिसऱ्यांदा तो पाण्यात का गेला, कुणी म्हणतं नावेसाठी, कुणी म्हणतं बाईच्या पिशवीसाठी. पोलिसांना त्या दोघांनी सांगितलं की नावाडी हसत हसत निघाला होता. ते खरंच आहे. शिपायाने त्यावरून लिहिलं, बेफिकिरी. तू ते उचललंस.

चार दिवसांनी तो खारफुटीच्या मुळांत सापडला. कालवं काढताना तुझ्या आईला सापडला. तिने तुला हे कळवलं नसेल.

पान पाठवत नाही. सही केलेली नाही.

तेनिंग जूफ


२१ फेब्रुवारी १९९९

कराफा,

'तो विनोद होता, अक्का. आपल्याकडच्या लहान पोरालाही तो विनोद कळला असता.'

आपल्याकडच्या लहान पोराला कळला असता, खरं आहे. जेगानलाही कळला. म्हणूनच तो गेला. ज्यांना कळला नाही ती दोघं आपल्या देशात सुखरूप आहेत.

तू लिहितोस की तो शब्द पाळायचा नसतो, नुसतं हसायचं असतं. कधीपासून? लहानपणी तू आमच्या अंगणात येऊन ताटातला मासा उचलायचास आणि माझी आई तुला 'जोला उंदीर' म्हणून दुसरा वाढायची. तिने कधी नाही म्हटलं? जेगानच्या लग्नाचा सदरा तू त्याच्या अंगावरून काढून नेलास. तो उघड्या अंगाने नवरीपुढे बसला, आणि तीन गावं हसली. जोलाने मागितलं की सेरेर देतो, सेरेरने मागितलं की जोला देतो. तू हे विकलंस, पुस्तकात घालून, दुकानातून.

आणखी एक. सेरेरच्या घरी मयत झालं की जोलांनी यायचं. अंगणात नाचायचं, मेलेल्याची नक्कल करायची, 'बरं झालं, एक आळशी गुलाम कमी झाला' म्हणायचं, रडणाऱ्यांना हसवून सोडायचं. त्याशिवाय मयत घरातून निघत नाही. तू आला नाहीस. तुझी माणसं शरमेने कुंपणाबाहेर उभी राहिली, तुझी आईसुद्धा. चाळिसाव्याला कुराण वाचलं गेलं, भात शिजला, आणि सगळे जेगानबद्दल चांगलं बोलले. एकानेही त्याला शिवी दिली नाही. कुणी परका गेल्यासारखा माझा भाऊ गेला.

आता माझं म्हणणं. ते वाक्य काढ आणि त्या जागी हे छाप:

'केर लातिरच्या मुखावर ओहोटीत, समुद्राकडून वारा असताना जाऊ नये. नावाडी नाही म्हणाला की विषय संपला. या भागात सेरेर आणि जोला या दोन जमातींमध्ये थट्टेचं नातं आहे. दोन बहिणी एका नावेत होत्या, वादळात नाव दुभंगली, एक उत्तरेला लागली, एक दक्षिणेला. त्यांची ही लेकरं. ती एकमेकांना गुलाम म्हणतात आणि एकाने मागितलेलं दुसरा नाकारत नाही. म्हणून मागणारा जपून मागतो. हे नातं पाहुण्यांना उसनं देता येत नाही. या पुस्तकाच्या लेखकाने पहिल्या आवृत्तीत ते दिलं, त्यामुळे जेगान जूफ, नावाडी, वय चौतीस, मरण पावला.'

खाली तुझं नाव.

हे छापणार असशील तर सही करते. नसशील, तर पहिल्या आवृत्तीची तू पाठवलेली प्रत माझ्या पेटीत आहे. आत तुझ्या अक्षरात 'माझ्या गुलामास, मालकाकडून भेट' असं आहे. पान अठ्ठ्याऐंशीला खूण घातली आहे. प्रकाशकाचा पत्ता आतल्या पानावर असतो. टपालाचं तिकीट मी घेऊन ठेवलंय.

तेनिंग जूफ


१४ मार्च १९९९

कराफा,

नोकरी जाईल, मेलेल्याचे नातेवाईक दावा लावतील असं वकील म्हणतात, वगैरे तुझं पत्र मिळालं. मेलेल्याची नातेवाईक मीच आहे. मला अजून कुणी वकील भेटलेला नाही.

तू बाराच्या टेलिफोनवर आईला बोलावून घेतलंस आणि माझ्याकडे पाठवलंस. ती गेल्या रविवारी आली. काय झालं ते मी लिहिते, कारण ती तुला नीट सांगणार नाही.

भर दुपार. मी अंगणात खुर्चीवर बसून हजेरीपट भरत होते. कुंपणाजवळ दोनचार नावाडी जाळी शिवत बसलेले. तुझी आई न्यीमा फाटकातून आत आली, डोक्यावर कालवांचं घमेलं, अनवाणी.

"अगं ए गुलामे! मालकीण उन्हात उभी आणि तू खुर्चीवर? शाळा शिकून हेच शिकलीस?"

सोळा महिन्यांत न्यीमा माझ्याशी शब्द बोलली नव्हती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "मालकिणीच्या पायात चपला असतात. ही कोण कालवंचोर आली?"

"कालवं माझी, खाडी माझी, तूही माझी. सरक!" तिने मला ढकललं, घमेलं खुर्चीवर ठेवलं आणि भिंतीला टेकवलेलं वल्हं उचललं.

कराफा, ती जेगान झाली. डाव्या पायावर भार टाकून चालणं, दातांच्या फटीतून शीळ, माणसं दोनदा मोजणं. "बसा, बसा! जाड माणसं मध्ये! बाई, तुम्ही मध्ये. अहो, आणखी मध्ये, नाव तुमच्यापेक्षा लहान आहे!" जाळी शिवणारे उठून उभे राहिले. "जरा लवकर चला हो, अक्काने भात झाकून ठेवलाय. खाडीतली मगर परवडली, पण अक्का नको!" कुणीतरी हसता हसता कुंपणावर पडलं. मग तिने वल्हं आपटलं आणि आपल्या आवाजात ओरडली, "बरं झालं मेला! माझ्या पोराचे दोन गळ आठ वर्षं दाबून बसला होता, गुलाम कुठला!"

मी हसले. पोट धरून हसले, आणि मग मला जे रडू आलं ते मयताच्या दिवशीही आलं नव्हतं. न्यीमा माझ्याजवळ जमिनीवर बसली. पदराच्या गाठीतून, मनधरणीला देतात त्या कोलाच्या बिया काढल्या आणि माझ्या मांडीवर ठेवल्या. लोकांनी तोंडं फिरवली.

"आता मालकीण मागते," ती हळूच म्हणाली. "सही कर. आणि ते पुस्तक माझ्या हातात दे."

"न्यीमा, हे मागू नकोस."

"मागितलं."

"तुझ्या पोराने असंच मागितलं होतं."

"माहीत आहे मला. मुळांतून कुणी सोडवलं तुझ्या भावाला? या हातांनी. तरी मागते. माझं पोर जिवंत आहे, तेनिंग. जिवंत पोराची आई निलाजरी असते."

मी घरात गेले. पेटी उघडली. पुस्तक आणून तिला दिलं. चार पानांवर चार सह्या केल्या. नाही म्हणता आलं नाही. जेगानला जे म्हणता आलं नाही ते मला कुठून येणार? त्या संध्याकाळी तिने पुस्तक कालवांच्या चुलीत घातलं. धूर मला माझ्या दारातून दिसत होता.

तुझ्या आईने आधी दिलं आणि मग घेतलं, म्हणून तिच्यावर माझा राग नाही. तुझ्यावर आहे. तो कमी झालेला नाही.

पण मागणं दोन्ही बाजूंनी चालतं. ती उठायच्या आत मी म्हटलं, "आता गुलाम मागते. परिच्छेद नको, पोराचं नाव नको, माफी नको. एक शब्द. बेफिकिरी. तेवढा काढायला सांग."

"एकच?"

"एकच."

"दिला," ती म्हणाली. "जोलाच्या तोंडचा दिला." नावाड्यांनी ऐकलं.

सही केलेली पानं सोबत आहेत. शब्द तिसऱ्या पानावर सोळाव्या ओळीत आहे. लाल शाईने वर्तुळ केलंय. 'स्थानिक नावाड्याची होडी उलटून' एवढं पुरे. वाक्य त्याशिवाय उभं राहतं, मी वाचून पाहिलं.

तेनिंग जूफ


२० एप्रिल १९९९

गुलामा,

तुझं कार्ड मिळालं. 'काढला, अक्का.' दोन शब्द. इंग्लंडात शाई महाग झाली का?

मी ते धक्क्यावर वाचून दाखवलं. थोरले नावाडी मादी फाय म्हणाले, "दोन शब्दांत काम झालं? म्हणजे पोराला अजून लिहिता येत नाही, मास्तरीणबाईंचा दोष." बाकीच्यांनी तुला काय काय म्हटलं ते सरकारी टपालातून पाठवण्यासारखं नाही. तुझ्या डोक्याच्या आकाराबद्दल होतं. तुझ्या आईने त्यात भर घातली.

मी माफ केलं असं समजू नकोस. माफी कधी येईल की नाही, मला ठाऊक नाही. पहाटे वल्ह्यांचा आवाज आला की मी अजून मोजते, कुठल्या नावा गेल्या. पण शिवी द्यावी इतका तू आमचा राहिलास. ज्याला केर लातिरमध्ये कुणी शिवी देत नाही तो पाहुणा. पाहुण्यावर राग धरता येत नाही, त्याला फक्त वाट दाखवायची असते.

टोबास्कीच्या ईदेला कापलेल्या मेंढ्याचं मांस तुझ्या वाटणीचं तुझ्या आईने खाल्लं. बरं झालं. तुला पचलं नसतं.

तेनिंग


५ डिसेंबर १९९९

श्रीयुत कराफा सान्यांग यांस,

सविनय सलाम.

आपले १५ नोव्हेंबरचे पत्र पोहोचले. रोजे संपल्यावरच्या कोरितेच्या सणासाठी आपण पत्नी व दोन्ही मुलांसह येत आहात, हे समजले. प्रवासाची, नावेची व मुक्कामाची माहिती आपण मागितली आहे, ती पुढे देते. तत्पूर्वी इथली हकिकत कळवणे आवश्यक आहे.

नव्या आवृत्तीची प्रत मागच्या आठवड्यात दोन डच प्रवाशांजवळ पाहावयास मिळाली. पान ब्याण्णव. 'बेफिकिरी' हा शब्द जागेवर आहे. आभाराच्या पानावर 'स्थानिक माहितीची खातरजमा' असे लिहून पुढे माझे नाव छापले आहे. प्रकाशकांनी ऐकले नाही, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिता. आपण त्यांना विचारले होते काय, ते लिहिलेले नाही. एप्रिलमधील कार्ड माझ्याजवळ आहे.

त्या प्रवाशांकडून पुस्तक तासाभरासाठी मागून घेतले आणि गावच्या मोठ्या झाडाखाली सर्वांना बोलावून पान वाचून दाखवले. आपल्या मातोश्रीही होत्या. मादी फाय उठून म्हणाले, "येऊ दे त्या जोला कुत्र्याला. धक्क्यावर पाय ठेवला की कानाखाली वाजवतो." इतर नावाड्यांचेही तसेच म्हणणे पडले. मी त्यांना सांगितले की कुणी हात उचलावयाचा नाही. त्यांना चोर, उंदीर, गुलाम, कुत्रा यांपैकी काही म्हणावयाचे नाही. श्रीयुत सान्यांग यांचा योग्य तो मान राखावा. ते साहेब आहेत.

अर्थ प्रथम आपल्या मातोश्रींना समजला.

त्या उठून माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "तेनिंग, असं नको गं. शिवी दे त्याला. माझ्यासमोर दे. हलकट म्हण, माझ्यावरून दे, माझ्या आईवरून दे. मादी, तू मार त्याला. पण माझ्या पोराला साहेब म्हणू नका."

मी पुस्तक मिटले.

त्यांनी पदर खोचला, मान वर केली आणि म्हणाल्या, "मालकीण मागते..."

तेवढेच म्हणाल्या. जोलाच्या तोंडचा शब्द दिला होता तो त्यांनीच, याच माणसांसमोर. पुढचे मागणे त्यांच्या तोंडून निघेना. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी ते मागणे पूर्ण केले असते, तर मला द्यावे लागले असते. म्हणून त्या उभ्या होत्या तोवर मीही उभी होते, आणि मला भीती वाटत होती, हे मान्य करते. मग त्या खाली बसल्या.

त्यांची काळजी नसावी. त्यांच्याशी आमचे पूर्वीसारखेच चालते. काल माझ्या ताटातला मासा त्यांनीच उचलला.

आता माहिती.

फेरीबोट भरल्यावर सुटते. पारपत्रे व मुलांची लशींची कार्डे जवळ ठेवावीत. बाराहून आपल्यासाठी स्वतंत्र गाडी सांगून ठेवली आहे, आपणास इतरांबरोबर दाटीने बसावे लागणार नाही. खाडीच्या धक्क्यावर नावाडी आपले सामान उचलतील. भाडे आपल्या पुस्तकात छापले आहे तेच घेतील, कमी घेणार नाहीत, जास्तही नाही. मुखापलीकडे जावयाचे असल्यास ते भरती पाहून हो किंवा नाही सांगतील.

मुक्कामासाठी पर्यटकांच्या छावणीत दोन खोल्या राखल्या आहेत. मच्छरदाण्या नवीन आहेत. मातोश्रींकडे उतरणार असाल तर तसे कळवावे, म्हणजे गावातील मंडळी तिथे येण्याआधी निरोप पाठवतील. आपण रस्त्याने जाताना लोक उठून उभे राहतील. शाळेतील मुले 'गुड मॉर्निंग, सर' म्हणतील, तसे मी त्यांना शिकवले आहे. आपल्या मुलांना कुणी चिडवणार नाही, त्यांच्या हातातले काही ओढून घेणार नाही. त्यांनी कारण विचारले तर काय सांगावे, ते आपण ठरवावे.

माझ्याकडे येण्याची इच्छा असल्यास दुपारी चार ते पाच ही वेळ सोयीची. खुर्च्या बाहेर मांडून ठेवीन. पिण्याचे पाणी मात्र बाटलीबंद, बाराहून बरोबर आणावे. आमच्या माठातले पाणी पाहुण्यांच्या पोटाला सोसत नाही.

आपली नम्र,
तेनिंग जूफ